तलवारी खूप झाल्या, आता जरा मुदपाकखान्यात या

कुठलीही ऐतिहासिक कादंबरी हातात आली की मी पहिल्या पन्नास पानांत एक गोष्ट शोधतो, यातली माणसं जेवतात का, आणि जेवत असतील तर काय जेवतात. कारण ज्या लेखकाला आपल्या पात्रांच्या ताटात काय आहे हे माहिती असतं त्याला बाकीचंही बरंच माहिती असतं, घोड्याला दाणा किती लागतो, पावसाळ्यात गडावर कोरडं सरपण कुठे ठेवतात, रात्री दिव्यात तेल कोण घालतं. आणि ज्याने ताटाचा विचारच केलेला नसतो त्याच्या कादंबरीत सगळेजण उभ्याउभ्या संवाद म्हणत राहतात, चारशे पानं संपतात तरी एकाही माणसाला भूक लागत नाही, आणि मग ती माणसंही माझ्या लक्षात राहत नाहीत.

मला ऐतिहासिक कादंबऱ्या प्रचंड आवडतात आणि साधं घरचं जेवण करायला तितकंच आवडतं, वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, आमसूल घातलेली आमटी, बस, याच्या पलीकडे मला फारसं काही लागत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलो की कुकर लावतो आणि तो होईपर्यंत ओट्यापाशीच पुस्तक उघडतो. पूर्वी वाटायचं या दोन वेगळ्या आवडी आहेत. आता वाटतं एकच आहे.

पानिपतचंच घ्या ना. पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 14 जानेवारी 1761 हा एकच दिवस येतो, भाऊसाहेब, विश्वासराव, ती गोळी, ती पळापळ. पण त्याच्या आधीचे अडीच-तीन महिने बघा. ऑक्टोबर 1760 मध्ये आपल्या फौजेने कुंजपुरा घेतला, तिथे गव्हाचा मोठा साठा हाती लागला, म्हणजे सैन्य तेव्हा व्यवस्थित जेवत होतं. मग अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला आणि दक्षिणेकडची वाट बंद झाली. डिसेंबरात छावणीला रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, म्हणजे रसदीची जी काही आशा होती तीही गेली. आणि छावणीत फक्त लढणारे नव्हते हो, यात्रेकरू होते, बायका-पोरं होती, व्यापारी, आचारी, घोडे सांभाळणारे मोतद्दार, हजारोंच्या संख्येने, आणि या सगळ्यांना रोज दोन वेळा खायला लागत होतं. काशीराज पंडित नावाचे गृहस्थ अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी होते, त्यांनी लढाई स्वतः पाहिली आणि नंतर फारसीत लिहून ठेवली. ते सांगतात की सरदार आणि शिपाई भाऊंच्या तंबूत गेले आणि म्हणाले दोन दिवस झाले पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. मग छावणीत जे धान्य शिल्लक होतं ते वाटून टाकलं, आज रात्री पोटभर जेवून घ्या म्हणून.

मला त्या रात्रीची कादंबरी वाचायचीये. फक्त त्या एका रात्रीची. किती चुली पेटल्या असतील, सरपण कुठून आणलं असेल, उत्तरेतल्या जानेवारीच्या थंडीत कुणी कणीक मळली असेल, कुणी नुसता भात शिजवला असेल, सातारकडच्या एखाद्या शिपायाला जोंधळ्याच्या भाकरीची आठवण आली असेल का. लढाईचं वर्णन कुणीही अभ्यास करून लिहील, तोफा किती, डावी बाजू कुणाची, हुजुरात म्हणजे पेशव्यांची खासगी फौज कुठे उभी होती. पण ते शेवटचं जेवण लिहायला माणूस स्वतः कधीतरी स्वयंपाकघरात उभा राहिलेला असावा लागतो असं माझं ठाम मत आहे.

आणि आपण पुणेकर तर या सगळ्याच्या इतके जवळ राहतो. अप्पा बळवंत चौकात आपण पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं घेतोय, शाळेची घेतली, कादंबऱ्या घेतल्या. ते अप्पा बळवंत म्हणजे बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव, आणि बळवंतराव डिसेंबर 1760 मध्ये पानिपतच्या छावणीबाहेरच्या चकमकीत पडले. म्हणजे पानिपतवरची कादंबरी आपण ज्या चौकात विकत घेतो तो चौकच पानिपतावर वडील गमावलेल्या माणसाच्या नावाचा आहे. हे मला कळलं त्या दिवसापासून तिथून गाडी नुसती दामटत जाववत नाही, सिग्नलला थांबलो की वर पाटीकडे नजर जातेच.

शिवाजी महाराजांचं ते पत्र तुम्ही वाचलंय का, चिपळूणच्या बाजूला तळ देऊन राहिलेल्या लष्कराला लिहिलेलं? नसेल वाचलं तर जरूर शोधून वाचा. एवढा मोठा राजा, आणि पत्रात काय आहे तर दाणा-वैरण जपून वापरा, पावसाळ्यासाठी साठवलेलं आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात घोडे मरतील, मग तुमची माणसं कुणब्याच्या घरात शिरून कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी भाजीपाला, आणि लोकांना वाटेल याच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर असंही आहे की रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. उंदीर आणि वात! माझ्या मते महाराज समजून घ्यायला हे एक पत्र दहा लढायांच्या बरोबरीचं आहे, कारण इथे राज्य म्हणजे काय तर कुणब्याच्या घरातली भाकर त्याच्याच घरात राहिली पाहिजे. आणि कितीतरी कादंबऱ्यांमधे अशा गोष्टींना दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता थाळीबद्दल बोलतो, काही जणांना पटणार नाही. अमुक थाळी, तमुक शाही भोजन असं म्हणून जे चांदीच्या ताटातले पंचवीस-तीस पदार्थ हल्ली मिळतात ते सणाला खायला ठीक आहे, पण तो काळ असा जेवत होता हे मनातून काढून टाका. शनिवारवाड्यात मोठमोठ्या पंगती उठल्या असतील, नक्की उठल्या असतील, पण वाड्याच्या बाहेर पेठांमधे राहणारा साळी, तांबट, कासार, पागेतला मोतद्दार, मावळातला शेतकरी यांच्या घरात भाकरी, कालवण, एखादा कांदा, ताक असलं तर ताक, एवढंच होतं. इतिहासातली बहुतेक माणसं बहुतेक दिवस साधंच जेवली आहेत. म्हणून मी रात्री पिठलं-भाकरी करतो तेव्हा मला मी त्या लोकांच्या जास्त जवळ आहे असं वाटतं, कुठल्याही किल्ल्याच्या प्रतिकृतीसमोर उभं राहून वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

भाकरी मला आत्याने शिकवली, ती भोरला असते. मी तिला विचारलं आत्या माझी भाकरी कडेला का चिरते गं, तर म्हणाली, "अरे पीठ किती दिवसांचं आहे ते आधी सांग मला." ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की ते धरूनच ठेवत नाही, म्हणून थोडंथोडं दळून आणायचं, कढत पाण्यात भिजवायचं आणि एकेका भाकरीपुरतं मळत राहायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर. "बाकी ती तिची ती फुगते, तू मधे मधे करू नकोस." हे सगळं एकही बाई पुस्तकात वाचून शिकलेली नाही, हाताकडून हाताकडे आलंय, आणि किती शतकं आलंय याचा विचार केला की मला भरून येतं. बखरी लिहिणाऱ्यांनी राजांची नावं जपली, आणि हे या बायकांनी जपलं.

मध्यंतरी यादवांच्या काळातली एक कादंबरी वाचत होतो आणि त्यात देवगिरीच्या पायथ्याशी एक म्हातारी मिरचीचा ठेचा वाटते. तिथे मी पुस्तक मिटलं. यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलं, वास्को द गामा कालिकतला आला 1498 साली, आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर त्यानंतर आली, अमेरिकेतून. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, पेरू सगळं तिकडचंच. मिरची पेशवाईत होती, तिथे खुशाल वाटा, पण टोमॅटोची कोशिंबीर आणि सकाळचा चहा पेशव्यांच्या घरात घालू नका. आणि साबुदाण्याची खिचडी तर आपल्याला युगानुयुगांची वाटते, पण आजचा टॅपिओकाचा साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या भागात बनायला लागला तो 1940 च्या दशकात. कुणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो, कादंबरी आहे ती. मला पडतो. तारीख चुकली तर एक आकडा चुकतो, ताट चुकलं तर त्या बाईचं अख्खं घर खोटं पडतं.

त्या ठेच्यामुळे झालं असं की मी ठरवलं आपण करून बघू, मिरचीशिवाय, शेंगदाण्याशिवाय, टोमॅटो-बटाट्याशिवाय जेवण. रविवारी सकाळी मंडईत गेलो, चाकवत मिळाला, आलं, ओला लसूण, कोथिंबीर. (मंडईची इमारत 1886 ची, त्याच्या आधी हा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा, हे आठवलं की भाजी निवडतानासुद्धा वेगळंच वाटतं.) घरी करडईचं तेल तापवलं, मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, भरपूर किसलेलं आलं, त्यात डाळीच्या पिठाचं पाणी गुठळ्या मोडून ओतलं, दोन आमसुलं, आणि तिखटाच्या जागी भरडसर कुटलेली मिरी. झाकण ठेवून मंद गॅसवर शिजू दिलं. चाकवताला हरभरा डाळ आणि ताक. सोबत भाकरी, ज्वारीही मुळात आफ्रिकेतली पण ती हजारो वर्षांपूर्वी आलेली, त्यामुळे चालते.

चव कशी होती सांगू? मिरीचा तिखटपणा जिभेवर येत नाही, मागून घशात येतो आणि छाती गरम करतो. आल्याचा वास आधी, हिंग नंतर. आई दोन घास खाऊन म्हणाली, "बाळंतिणीच्या जेवणासारखं लागतंय रे." आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो, कारण अगदी बरोबर होतं ते, आपल्याकडे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आजही मिरचीऐवजी मिरी, आलं, जिरं, तूप असंच देतात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या चवीशी नातं सांगणारं जेवण आपल्या घरात अजून होतंच आहे, आपण त्याला पथ्याचं जेवण म्हणतो इतकंच.

काही मित्र मला म्हणतात कादंबऱ्या कशाला वाचतोस, खरी कागदपत्रं वाच. वाचतो की. इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पेशवे दप्तर पुण्यातच आहे, त्या लोकांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी जे कष्ट उपसलेत त्यापुढे मी हात जोडतो, मोडी शिकायचंही मनात आहे. पण कागदात "गहू इतके खंडी" एवढंच येतं. तो गहू कुणी निवडला, कुणी दळला, दळताना ती काय गात होती, तिचं पोर रडत होतं का, हे भरून काढायला कादंबरीच लागते. फक्त ती कष्टाने लिहिलेली हवी. थोरल्या माधवरावांचं आयुष्य घ्या, सोळाव्या वर्षी पेशवा, 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला वारले तेव्हा वय सत्तावीस, क्षयाने पोखरलेले. त्या शेवटच्या दिवसांत राजकारण तर चाललंच होतं, पण कुणीतरी त्यांच्यासाठी मऊ भात रटरटवत असेल ना, आज चार घास तरी गेले का असं कुणीतरी कुणाला तरी विचारत असेल ना. मला तो आचारी वाचायचाय. मला ते विचारणारं माणूस वाचायचंय.

लिहिणारे बरेच जण माझ्या लिस्टमधे आहेत म्हणून सांगतो, लढाईचा नकाशा काढता तसा एकदा कोठीचाही काढा. महिना कुठला, त्या महिन्यात काय पिकतं, पाणी किती लांबून येतं, जळण कुठलं, जेवायला आधी कोण बसतं आणि शेवटी कोण. त्यातून तुम्हाला प्रसंग मिळतील, शोधायला जावं लागणार नाही.

आणि बाकीच्यांनी कमेंटमधे दोन गोष्टी सांगा. तुमच्या घरात मिरची अजिबात न घालता होणारा जुना पदार्थ कुठला, आजीच्या हातचा असेल तर प्रमाणासकट लिहा. आणि अशी एखादी ऐतिहासिक कादंबरी सांगा जी वाचताना तुम्हाला खरोखर भूक लागली. हुलग्याचं माडगं कुणाला नीट येत असेल तर मला मेसेज करा, या रविवारी तेच करायचंय.