दिवा पेटला नाही म्हणून गिअरबॉक्स ठणठणीत?

आमचे दाजी मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर कामाला. जुहूहून हेलिकॉप्टरने जातात, चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. त्यामुळे 'हेलिकॉप्टरला घाबरू नका' हा फॉरवर्ड फिरत फिरत ताईकडे पोचणारच होता. रात्री साडेअकराला तिने मला पाठवला, 'खरंय ना रे हे?' म्हणून.

त्यातले दावे असे : बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी) तिरकं बसलं तरच गिअरबॉक्स, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यांना पोचवणारी दातेरी चाकांची पेटी, बिघडतो. तसं झालं की हादऱ्यावरून कळतंच. तेलात लोखंडाचा कण आला की कॉकपिटमध्ये दिवा पेटतो. आणि गिअरबॉक्स गेलाच, तर पायलट ऑटोरोटेशनने, म्हणजे इंजिनाविना नुसत्या हवेवर पंखा फिरवत, अलगद उतरवतो.

शेवटचं वाचून कपाळावर हात मारला. ऑटोरोटेशन इंजिन बंद पडल्यावर कामाला येतं. फ्रीव्हील नावाची एकाच दिशेने पकडणारी जोडणी इंजिनाला सोडून देते, खालून येणाऱ्या हवेवर वरचा पंखा फिरत राहतो. पण फिरतो कशाच्या आधारावर? त्याच गिअरबॉक्सच्या! शेपटीच्या पंख्याला ताकदही त्याच्यातूनच जाते. इंजिन बंद पडलेली एसटी घाट उतरेल, चाक निखळलेली कशी उतरेल?

आता दिवा. 29 एप्रिल 2016, नॉर्वेतलं तुरॉय. ईसी225 जातीचं हेलिकॉप्टर तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून बर्गनला परतत होतं. उडताउडता मुख्य पंखाच सुटून गेला, तेराही जण गेले. नॉर्वेच्या तपास मंडळाचा 2018 चा अहवाल सांगतो : गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टप्प्यातल्या आठ प्लॅनेट गिअरांपैकी (मधल्या चाकाभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं) एक फुटला. त्याच्या आतल्या बाजूलाच बेअरिंगचे रोलर धावतात. तिथल्या सूक्ष्म खड्ड्यातून तडा सुरू झाला आणि पृष्ठभागाखालून सरकत दातांकडे वळला. कण फारसे सुटलेच नाहीत. दिवा पेटला नाही, हादरे मोजणाऱ्या यंत्रणेलाही काही कळलं नाही. 2009 साली स्कॉटलंडजवळ याच घराण्यातलं हेलिकॉप्टर पडून सोळा जण गेले. तिथे आठवडाभर आधी कण सापडला होता, पण त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली.

तिरक्या बेअरिंगचं म्हणाल तर अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. रोलरच्या एकाच कडेवर भार येतो, बेअरिंग तापतं, गिअरचे दात एका बाजूने झिजतात. आमच्या वर्कशॉपमध्ये असं बेअरिंग उघडलं की बाहेरच्या रिंगवरचा घासलेला पट्टा तिरका दिसतो. पण भाराखाली आतले भाग थोडे वाकणारच, हे धरूनच त्या प्लॅनेट गिअरांत थोडा तिरकेपणा झेलणारे स्फेरिकल रोलर घातलेले होते. तरी तडा गेलाच. 'तिरकं बसलं तरच' हे कुठून काढलं?

ताईला 'नाही, खरं नाही' एवढंच लिहिलं. तोवर तिने तो दाजींच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाही होता.