चंद्रावर जाताय? आधी जाऊन या

एसटीत बसण्याआधी आई विचारायची, "जाऊन आलास का?" अंतराळात निघताना हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारा, नासावर विसंबू नका. ५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे पहिले अंतराळवीर ॲलन शेपर्ड निघाले, तेव्हा उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं. अभियंत्यांनी सगळ्या शंकांचं निरसन केलं होतं, लघुशंका तेवढी राहिली. त्यात उड्डाण रखडलं आणि ते चार तासांहून जास्त यानात अडकून पडले. शेवटी शेपर्डसाहेबांनी अंगावरच्या सेन्सरांची वीज बंद करायला लावली आणि सूटमध्येच मोकळे झाले. उताणे असल्यामुळे ओघ पाठीकडे वळला. तेव्हा आतले कपडे जाड घाला, टिपून घेतात.

मोठं काम मात्र नीट शिकून घ्या. माणसं चंद्रावर नेणाऱ्या नासाच्या अपोलो यानांत संडास नव्हता, पिशवी होती, तोंडाला चिकट कडा असलेली. तुमच्याही वाट्याला तीच आली असं धरू. ती योग्य जागी चिकटवा. सहकारी हातभर अंतरावर असतील, त्यांना खिडकीबाहेरचं सृष्टिसौंदर्य बघू द्या. तिथे सगळंच तरंगत असल्यामुळे पुढचं काही आपोआप खाली पडत नाही (न्यूटनच्या सफरचंदाने ही बाजू कधी सांगितलीच नाही). त्यासाठी पिशवीला बोट घालायची खोळ केलेली आहे. इथे प्रकरण अक्षरशः हातघाईवर येतं. मग जंतुनाशकाची पुडी आत टाका आणि बंद पिशवी कणकेसारखी मळा. अंगचोरपणा नको, कच्ची राहिली तर आत वायू धरून फुटेल. सगळ्याला पाऊण तास लागतो. तेवढ्यात यान हजारो किलोमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे वेळ वाया गेला असंही नाही.

एखादा ऐवज निसटलाच, तर अपोलो १० चा कित्ता गिरवा. मे १९६९. यान चंद्राभोवती फिरतंय आणि स्टॅफर्ड घाईघाईने नॅपकिन मागतायत, कारण हवेतून काहीतरी तरंगत चाललंय. यंग म्हणाले, माझं नाही. सर्नन म्हणाले, माझंही नसावं. स्टॅफर्डांनी तर आपलं याहून चिकट होतं, असा तांत्रिक खुलासाच केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चंद्र खिडकीत असून कुणाच्या मनात उजेड पडला नाही. हे सगळं नासाच्या दप्तरी शब्दशः नोंदलेलं आहे. तुम्हीही कबूल होऊ नका. असल्या मालमत्तेचा सातबारा निघत नाही.

परतताना वजन कमी करायला भरलेल्या पिशव्या चंद्रावरच टाकून या, अपोलोवाल्यांनीही टाकल्या. फक्त फोटो काढताना जरा बघा. आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर उतरून काढलेल्या पहिल्याच फोटोत यानाखाली कचऱ्याची पांढरी पिशवी आली आहे.