होम थिएटर घेताय? जरूर घ्या, आईसाठी घ्या!

आज सकाळी सव्वानऊला फोन आला. गॅसवर दूध, एका हातात टॉवेल. पलीकडून मंजुळ आवाज : "सर, मागच्या महिन्यात आपल्याकडे होम थिएटर इन्स्टॉल झालंय. एक्सपिरियन्स कसा वाटला? पाचपैकी किती स्टार द्याल?" म्हटलं, ताई, जरा वेळ द्या, सविस्तर लिहूनच देतो. दूध उतू गेलं ते गेलंच.

तर, ज्यांच्या डोक्यात सध्या ‘आहेत ते स्पीकर काढून जरा भारीतले घ्यावेत का’ असा किडा वळवळतोय, त्यांच्यासाठी हे अनुभवी माणसाचं मार्गदर्शन. मोफत आहे. या सगळ्या प्रकरणात मोफत अशी ही एवढी एकच गोष्ट.

आधी निमित्त शोधा. "मला हौस आली म्हणून साडेतीन लाखांचे स्पीकर घेतोय" असं म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचाय. लॅपटॉप मुलांच्या अभ्यासासाठी, गाडी आईबाबांना अक्कलकोटला नेता यावं म्हणून, तसं होम थिएटर आईसाठी. माझी आई 78 वर्षांची. रात्रीची मालिका लागली की दर दोन वाक्यांनी विचारते, "काय म्हणाली रे ती?" टीव्हीचा आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत खिडक्या हलवतं आणि सुनेचं बोलणं होतं तिथेच राहतं. "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत," असं तिचं म्हणणं. हे वाक्य मी दुकानात जसंच्या तसं सांगितलं. माझ्याकडून मी कुठेही कमी पडलो नाही.

साडू असल्यास उत्तम. त्याच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये एकदा जाऊन ऐकून या. परत येताना गाडीत बायको काही बोलणार नाही, तुम्हीही काही बोलणार नाही, आणि विद्यापीठ चौक येईपर्यंत निर्णय झालेला असेल.

मग शोरूममध्ये जा. ऑनलाइन वाचून वगैरे जाऊ नका, त्या मुलाचा हिरमोड होतो. दारात तो तुम्हाला ‘काका’ म्हणेल. बजेट किती म्हणून विचारेल आणि तुम्ही आकडा सांगितला की त्या क्षणापासून तुम्ही ‘सर’. नव्वद हजारांवर बोट ठेवलंत तर म्हणेल, "सर, तो एंट्री लेव्हल झाला." पन्नाशीत, दोन मुलांची इंजिनिअरिंगची फी भरून झाल्यावर, एंट्री लेव्हल म्हणवून घेणं कुणाला सहन होईल?

आता डेमो. हा भाग नीट वाचा, कारण सगळा खेळ इथे होतो. डेमोची खोली आत असते. जाड दार, जाड पडदा, भिंतींना कापडी पॅनेल, पायाखाली गालिचा, एसी अठरावर. दिवे मंद होतात. तुमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं. डावीकडून उजवीकडे, मग मागे, मग वर. मग काचा फुटतात. मग पाऊस. मग कुठलातरी रणगाडा तुमच्या बरगड्यांमधून आरपार निघून जातो आणि तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरता. दहा मिनिटांत चार युद्धं होतात. पण त्या दहा मिनिटांत एकही माणूस दुसऱ्या माणसाशी बोलत नाही! "सासूबाई, चहा ठेवू का?" असं तिथे कुणीच म्हणत नाही. मी ज्या एका गोष्टीसाठी आलो होतो, तीच सोडून त्यांनी मला सगळं ऐकवलं, आणि मी बाहेर येऊन काय म्हणालो? "क्लॅरिटी आहे."

मग तो तुम्हाला दोन सेट तुलनेला लावून दाखवेल, आधी स्वस्त, मग महाग. महागाचा आवाज किंचित, अगदी किंचित मोठा असेल. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, ही सगळ्या धंद्याला माहीत असलेली गोष्ट. दोन्ही एका पातळीवर आणून लावा, असं म्हणू नका. वाईट दिसतं.

वॉट जास्त घ्या. 100 वॉटांच्या जागी 200 घेतलेत तर 3 डेसिबल वाढतात, म्हणजे कान टवकारून ऐकलं तर फरक जाणवतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट. पण हिशोब करत बसलात तर संगीताचा आनंद जातो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत तपकीर गल्लीतून आणलेल्या टू-इन-वनवर ‘1000 वॉट पीएमपीओ’ (म्हणजे नुसती कागदावरची ताकद) असं चकचकीत स्टिकर असायचं, चार मोठे सेल घालून. ते आम्ही काढलं नाही, मशीन भंगारात गेलं तेव्हाही होतं. तेव्हा फसलो ते निदान बाराशे रुपयांत.

केबल सोन्याच्या मुलाम्याची घ्या. मंगळसूत्राशी मॅच होते.

डब्यावर 40 किलोहर्ट्झचं सोनेरी लेबल असल्याची खात्री करा. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20 पर्यंत पोचतो, पण सोसायटीतल्या मोत्याला व्यवस्थित ऐकू येईल. त्याचीही करमणूक व्हायला हवी.

घरी आल्यावर आवाज बरा वाटला नाही, तर घाबरू नका. स्पीकर ‘उघडायला’ दोनशे तास लागतात, असं ते सांगतील. रोज दोन तास म्हणजे शंभर दिवस. बदलून देण्याची मुदत सात दिवस. कान शंभर दिवसांत कशालाही सरावतो, आपण डीजेला सरावलो आहोत.

शेजाऱ्यांचा विचार करू नका. निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, सन 2000 पासूनचा नियम आहे, आणि तो आपण गणपतीत किती कसोशीने पाळतो हे सर्वांना ठाऊक आहे.

आता घरात बसवणं. हे गुरुवारी ठेवू नका, लाइट नसते. मी गुरुवारीच ठेवलं.

आमचा हॉल दहा बाय चौदा. पाच-एक-दोन असा सेट, म्हणजे पाच स्पीकर भोवती, एक सबवूफर (खालच्या घुमाऱ्याचा डबा), दोन छताला. डॉल्बीचं ते छतावरून आवाज पाडणारं तंत्र 2012 मध्ये सिनेमागृहांत आलं आणि 2014 पासून घरांसाठी. ज्यांच्या घरांसाठी आलं त्यांच्या घरात पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि त्यात एलईडीच्या पट्ट्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. दोन मुलं ड्रिल घेऊन आली. पहिल्या भोकाला पीओपीचा भाकरीएवढा तुकडा खाली. "सर, पुट्टी मारून घ्या, कळणार नाही." मागच्या डाव्या स्पीकरची जागा मोजली ती नेमकी देवघरावर आली. आई म्हणाली, देव हलणार नाहीत. मग स्पीकर हलला, फ्रिजच्या डोक्यावर. वायरिंग भिंतीत नव्हतं, तेव्हा पांढरी पट्टी ठोकली : दाराच्या चौकटीवरून, कालनिर्णयाच्या मागून, आमच्या लग्नाच्या फोटोला वळसा घालून. आणि मधला स्पीकर! सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद ज्याच्यातून येतात, तो एकच स्पीकर आईच्या कामाचा. त्याला जागा नाही म्हणून टीव्ही युनिटच्या खालच्या खणात, काचेच्या दाराआड, जुन्या अल्बमांशेजारी सरकवून दिला. दार लावल्यावर "छान लपलाय ना सर?" असं विचारलं. मी "हो" म्हणालो! म्हणालो मी!

सबवूफर कोपऱ्यात ठेवा, तिथे तो जास्त घुमतो. आणि सोफा भिंतीला टेकवा. तो टेकलेला असतोच, दहा फुटी हॉलमध्ये सोफा दुसरीकडे ठेवला तर माणसं कुठून जाणार? दहा फुटांच्या दोन समोरासमोर भिंतींत साधारण 56 हर्ट्झचा सूर अडकून बसतो, भांड्यात चमचा अडकावा तसा, आणि सगळ्यात जोरात ऐकू येतो तो भिंतीपाशी. म्हणजे सोफ्यावर. म्हणजे आईच्या कानात. मालिकेत कुणी नुसतं दार लावलं तरी आमच्याकडे वाडा पडतो. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, भिंती उघड्याबोडक्या. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टण्ण् असं काहीतरी परत येईल. तेवढ्या एका टाळीत कळतं की या खोलीत आधी पडदे, गालिचा आणि पुस्तकांचं कपाट हवंय, स्पीकरचं नंतर बघू. पण पडदे त्या दुकानात मिळत नाहीत. तिथे जे मिळतं, त्याचीच तुम्हाला गरज असते.

रात्री मालिका लावली. आठ डब्यांतले तीन वाजत होते, पाच हजेरीला. आमच्या सेट-टॉप बॉक्समधून डावा आणि उजवा असा दोनच वाटांनी आवाज येतो, आणि रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र, ज्या मोडवर ठेवून ती मुलं गेली त्यात मधला स्पीकर चक्क मुका. संवादाचा स्पीकर! ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तो! हे मला कळायला बावीस दिवस लागले. बावीस दिवस मी कस्टमर केअरला तिकीट नंबर सांगत होतो. "सर, टेक्निशियन व्हिजिट चार्जेबल आहे." बाविसाव्या दिवशी भाचा जेवायला आला, रिमोटवरचं एक बटण दाबलं, मधल्याचा आवाज चार डेसिबल वर, सबवूफर खाली, रात्रीचा मोड चालू, काचेचं दार उघडं. वरण-भात वाढून होईपर्यंत काम झालं. मग त्यानेच टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं की संवाद ठळक करायची सोय टीव्हीतच होती. पहिल्यापासून. फुकट.

आणि आई म्हणाली, "काय म्हणाली रे ती?"

बास. आता सल्ला वगैरे पुरे झाला.

अरे, मी तुमच्या दुकानात येऊन काय सांगितलं होतं? 78 वर्षांच्या बाईला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. हे ऐकून रोज दहा गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या, आवाजाच्याच धंद्यातल्या एकाही माणसाने ‘काका, आधी त्यांचे कान तपासून घ्या’ म्हणू नये? तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. वय वाढतं तशी आधी वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती जाते. स, श, फ, त, क ही व्यंजनं ज्यावर ओळखू येतात, नेमकी तीच पट्टी. खालचा घुमारा शाबूत राहतो. म्हणजे माझ्या आईला जे ऐकू येत होतं, ते तुम्ही साडेतीन लाख घेऊन आणखी मोठं करून दिलंत, आणि जे येत नव्हतं त्याला हात लावला नाहीत. आणि वर स्टार मागता? लाजा नाहीत? मधला स्पीकर वाजतोय की नाही एवढं तपासायलाही तुमच्या माणसांनी पाच मिनिटं काढली नाहीत.

पण त्या पोराला काय बोलायचं, त्याला टार्गेट असतं. तू काय करत होतास? तू, जो दीड महिना रात्री जागून सेन्सिटिव्हिटी आणि ओहमचे व्हिडिओ बघत होतास? तुला 86 डेसिबल आणि 89 डेसिबलमधला फरक पाठ झाला, पण दारावरची बेल आईला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, हे लक्षात आलं नाही? फोनवर ती नुसतं ‘हो हो’ म्हणते, ते कशामुळे? हौस तुला होती. साडूचं बघून आली होती. मग स्वतःच्या नावावर घ्यायचे होतेस, निदान खरं तरी झालं असतं. आईचं नाव पुढे करून हप्ते भरायचे, आणि तिने ‘काय म्हणाली’ विचारलं की "अगं, आता तरी ऐकू येतंय ना!" म्हणून तिच्यावरच खेकसायचं. खेकसलास. दोनदा.

गेल्या शनिवारी तिला घेऊन गेलो. कर्वे रोडच्या आत एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तपासणी साडेपाचशे रुपये. आलेख हातात दिला, रेष डावीकडे, खालच्या सुरांना, बरी आणि उजवीकडे, वरच्या सुरांना, घसरगुंडीसारखी खाली. कानाचं यंत्र महिनाभर वापरून बघा म्हणाल्या तपासणाऱ्या बाई. तपासणीची खोली म्हणजे टेलिफोन बूथएवढी, आतून सगळीकडे जाड फोम. आई बाहेर येईना. त्या बाईंशी आतच गप्पा मारत बसली, नाव काय, माहेर कुठलं. मला हाक मारून म्हणाली, "इथे किती छान ऐकू येतं रे!"

हप्ते अजून अकरा आहेत.