आधी एल.सी. आणा

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, शाळेत जात नाही, आणि नाही, ती आजारी नाही. हे मी आता लिफ्टमध्ये, वाण्याकडे, सोसायटीच्या हळदीकुंकवात एका दमात म्हणून टाकते. मध्ये श्वास घेतला की समोरची बाई "अगंबाई, काय झालं हो?" म्हणून सुरू झालीच. मग पुढचा प्रश्न, "ती दिवसभर करते तरी काय?" अभ्यास करते, बाई. तुमची घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये स्कूलबसात बसलेली असते ना, त्या वेळात माझी वाचत असते. पण आज माझा राग लिफ्टमधल्या बायकांवर नाही. आज कॉलेजवाल्यांवर आहे.

पाचवीनंतर आम्ही तिला घरीच शिकवायला घेतलं. चौदा पूर्ण झाल्यावर एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, तिने दहावी दिली. तिथे दहावीला चौदा आणि बारावीला पंधरा ही किमान वयाची अट. आता बारावीचं चाललंय. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचं अंतर लागतंच, त्यामुळे पोर कितीही पुढे गेलेली असो, थांबा. ठीक आहे, थांबतो. पण ही दोन वर्षं तिने भिंतीकडे बघत बसायचं का?

कारण पोर बारावीच्या पुस्तकात मावत नाही. ओहोटीच्या वेळा बघून ती बापाला घेऊन ऐरोलीच्या बाजूला खाडीवर जाते आणि चिखलातले फिडलर खेकडे बघत बसते. वहीत पानंच्या पानं भरलीत: नराची एक नांगी दुसरीपेक्षा केवढी मोठी, ती तो कशी हलवतो, माणूस किती जवळ आला की बिळात पळतो. मागे एकदा तिवराचं पान घेऊन आली आणि म्हणाली, "आई, चाटून बघ." खारट! पानावर मिठाचे बारीक कण. झाड जास्तीचं मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं हे तिने वाचून काढलं, आणि मग त्या ग्रंथी डोळ्यांनी बघायच्याच म्हणून हट्ट. त्याला काय लागतं? पानाचा पातळ छेद, रंगद्रव्य, बरा सूक्ष्मदर्शक आणि "ब्लेड असं नाही, असं धर" सांगणारं माणूस. हे सगळं माझ्या ओट्यावर कसं जमवू?

म्हणून आम्ही ठाण्यातल्या एका कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही, इतरांचाही अनुभव काही वेगळा नाही. मागणी एवढीच होती की एफवाय बीएस्सीच्या बॉटनीच्या किंवा झूलॉजीच्या एका पेपरला हिला बसू द्या. लेक्चर आणि प्रॅक्टिकल. जी काय फी असेल ती घ्या. डिग्री नको, सवलत नको, फुकट काही नको. खिडकीतल्या माणसाने माझा अर्ज वाचला, निदान वाचल्यासारखं केलं, आणि लाल पेनने कोपऱ्यात लिहिलं, "एल.सी.?" म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला कुठाय?

"मुलगी कितवीत आहे?"

"बारावीचं करतेय, मुक्त विद्यालयातून."

"म्हणजे शाळा सुटली?"

"नाही हो. घरी शिकते."

"मग एक्स्टर्नल."

"नाही, तिला लेक्चरला बसायचंय."

"मग रेग्युलर."

"पण बारावी व्हायचीये अजून."

"मग बारावी झाल्यावर या ना, मॅडम."

तिथून ज्युनियरचं ऑफिस, ज्युनियरवाले म्हणाले सिनियरला विचारा, सिनियरवाले म्हणाले हे युनिव्हर्सिटीचं आहे, आमच्या हातात काही नाही. शेवटी एका जबाबदार खुर्चीतल्या बाईंनी चष्मा काढून समजावलं, "अहो, अठराच्या आतली मुलगी. कॅम्पसवर काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?"

इथे माझं डोकं फिरलं. त्या हे बोलत होत्या तेव्हा त्यांच्या केबिनबाहेरच्या जिन्यावर अकरावीची डझनभर पोरं बसून वडापाव खात होती. सोळा वर्षांची! महाराष्ट्रात पंधरा-सोळा वर्षांची पोरं दहावी झाली की कॉलेजच्याच फाटकातून आत जातात. तेच फाटक, तीच कँटीन, बऱ्याच ठिकाणी तीच लॅब, सकाळी ज्युनियर आणि दुपारी सिनियर. तळमजल्यावर सोळाची पोरगी सुरक्षित आणि दुसऱ्या मजल्यावर गेली की जबाबदारी कोण घेणार? मजला बदलला की पोरीचं वय बदलतं का?

आणि हजेरीचं पावित्र्य तर मला सांगूच नका. ठाण्यात इंटिग्रेटेड नावाचा जो उद्योग आहे तो कोणाला माहीत नाही? पोराचं नाव एका ज्युनियर कॉलेजच्या पटावर, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, जेईई नाही तर नीट. कॉलेजचं तोंड बघायचं ते फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. हे इतकं माजलं की २०१८ मध्ये सरकारला सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. म्हणजे जो कॉलेजात जात नाही तो रेग्युलर, आणि जिला लेक्चरला बसायचंय, नोट्स काढायच्यात, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही हवीये, ती बाहेरची. वा रे न्याय!

वरून भाषणं ऐका. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हा मी खरंच खूश झाले होते. पदवीत कधीही बाहेर पडा, कधीही परत या. एक वर्ष केलंत तर सर्टिफिकेट, दोन केलीत तर डिप्लोमा, तीनला डिग्री. २०२१ ला क्रेडिट बँक आली, मिळवलेले श्रेयांक तिथे साठवा. २०२२ ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सांगितलं, एकाच वेळी दोन पदव्या करा. केवढी लवचिकता! फक्त हे सगळं बारावीच्या पलीकडे. ही एसटी कुठल्याही थांब्यावर उतरवते, चढायचं मात्र डेपोतूनच.

सरकारच्याच स्वयम् पोर्टलवर नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे कोर्स कोणालाही खुले आहेत. पोरीने पर्यावरणशास्त्राचा पदवीच्या पातळीचा एक कोर्स केला, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली, मोठ्या पोरांच्या रांगेत बसून पास झाली. त्या पासाचं करायचं काय? विद्यापीठातला विद्यार्थी असेल तर नियमाप्रमाणे त्याला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌मधून घेता येतात. तिने तेच केलं तर फ्रेम करून लावा. क्रेडिट बँकेच्या खात्याला संस्थेचं नाव लागतं. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, शाळेमार्फत निघतो, त्याला यू-डायस या सरकारच्या शाळांच्या नोंदणीतला पेन नंबर लागतो, आणि तो नंबर शाळेच्या पटावरून येतो. पटावर नाही तो माणूस नाही.

माझी नणंद मिनेसोटात असते. तिचा मुलगाही घरीच शिकतो, आमच्या हिच्याहून एका वर्षाने मोठा. तो आठवड्यातून काही दिवस जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन इंग्रजी आणि बायोलॉजी शिकतो. तिकडे १९८५ पासून कायदाच आहे, अकरावी-बारावीच्या वयाची मुलं कॉलेजचे विषय घेऊ शकतात, घरी शिकणारीसुद्धा. फी राज्य भरतं, पुस्तकंही. पास झालेला विषय शाळेतही धरला जातो आणि कॉलेजातही. फ्लोरिडातही घरी शिकणाऱ्या मुलांना कॉलेजच्या अशा विषयांची शिकवणी फी माफ आहे. "वहिनी, तिकडे असं काहीच नाही का गं?" असं तिने विचारलं तेव्हा फोन ठेवून द्यावासा वाटला. तिकडेही सगळं आलबेल नाही, तीच सांगते: कागदपत्रं असतातच, कॉलेज आपल्या अटी लावतं, आणि तिथे मिळालेले श्रेयांक उद्या एखादं खासगी विद्यापीठ धरेलच असं नाही. पण त्या पोराला कोणी "आधी एल.सी. आणा" म्हणत नाही.

आता सल्ले. सल्ल्यांना ठाण्यात तोटा नाही.

"पॉलिटेक्निकला घाला, दहावीनंतर लगेच मिळतं." मिळतं, आणि चांगला रस्ता आहे, पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण तिला खेकडे बघायचेत, लेथ मशीन नाही. इंजिनियर व्हायचं असेल तर दहावीनंतर लवकर सुरुवात चालते, मग जीवशास्त्राने काय पाप केलंय?

"सतरा नंबरचा फॉर्म भरा." अहो, तो बोर्डाच्या बारावीला बाहेरून बसायचा फॉर्म. बारावी आमची चालूच आहे! आणखी किती बाजूंनी बारावी करू?

"आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस बघा." बघितला. निदान त्यांनी विचार तरी केलाय. अकरावी झालेल्या मुलांना पात्रता फेरी देता येते, प्रत्यक्ष शिक्षण मात्र बारावी पास झाल्यावर सुरू. मुक्त विद्यालयात अकरावी अशी वेगळी परीक्षाच नसते हा पुढचा विनोद. आणि विषय डेटा सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असले. पुन्हा, खेकडे नाहीत.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारा सल्ला: "ती मुंबईची मुलगी नाही का, शाळा सोडून थेट एमआयटीत गेली?" गेली, २०१६ मध्ये. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची, म्हणजे शाळकरी मुलांच्या प्रोग्रामिंगच्या स्पर्धेची, तीन पदकं होती तिच्याकडे. तीन! तरीही दहावी-बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार बंदच राहिलं. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तेवढं तिला एमएस्सीच्या पातळीच्या अभ्यासाला घेतलं. या गोष्टीतून लोक काय घेतात, तर "बघा, हुशार असेल तर होतं." मला त्यातून एवढंच कळतं की पदकं असूनही आयआयटीत बसू दिलं नाही. मग माझ्या पोरीसारख्या पदकं नसलेल्या, नुसत्याच शिकायची हौस असलेल्या पोरांनी कुठे जायचं? मुक्त विद्यालयाची मुलं नीटला बसू शकतात की नाही, हा प्रश्नसुद्धा दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता, निकाल २०१८ ला लागला. आता एका पानाचा छेद घ्यायला मी कोर्टात जाऊ?

नवरा म्हणतो, जाऊ दे, वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न आहे, बारावी होईल, मग जाईलच रांगेत. जाईल. पण पंधराव्या वर्षी जी भूक असते ती सतराव्या वर्षी असेलच याची हमी कॉलेज देणार आहे का? तोवर सीईटी, सीयूईटी असल्या प्रवेश परीक्षा, कट-ऑफ, कोणत्या कॉलेजला किती टक्के, या सगळ्यात तिवराचं पान कुठे राहतं ते आजूबाजूची पोरं बघून मला माहीत आहे.

मला कायदा बदलून नकोय, अमेरिका नकोय, तुमचा एनआरआय कोटा तर नकोच नको. जून-जुलैत एफवायचे वर्ग लागतात, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एखादं टेबल रिकामं असतं, मी डोळ्यांनी बघितलंय. त्या टेबलावर एका पोरीला बसवा. हमीपत्र लिहून घ्या, ॲप्रन आमचा, ब्लेडचा डबा आमचा, बाहेरच्या बाकावर आई बसून राहील. वर्षाच्या शेवटी इतरांबरोबर पेपर द्यायला लावा आणि नापास झाली तर खुशाल नापास करा. मार्कलिस्टवर शाळेच्या रकान्यात काय लिहायचं हे मात्र मला विचारू नका. डॅश टाका.