स्मरणिकेत न आलेला मटका

आमच्या तालुक्याच्या गावात दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या संस्थेचा महोत्सव येतो आणि स्मरणिका निघते. हायस्कूल, वाचनालय, अर्बन बँक, कुस्त्यांचं मैदान, ग्रामदैवताची यात्रा, सगळं त्यात असतं. मटका, म्हणजे आकड्यांचा जुगार, कधीच नसतो. सत्तरच्या दशकात रात्री निम्मी पेठ आकड्याची वाट बघत जागी असायची म्हणतात. अशा गावाचा इतिहास मटका वगळून लिहिणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जे भाव असायचे ते मुंबईत कळायचे, आणि लोक त्यावर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज तिथूनच आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. दोन वर्षांनी रतन खत्रीने वेगळी चूल मांडली. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. पाच, तीन, सहा निघाले की चौदा, म्हणजे चौका. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ, ओपन-क्लोज मिळून होणाऱ्या जोडीला नव्वद. दहातला एक लागणार आणि मिळणार नऊ, इतकं सरळ गणित. तरी गणिताचे मास्तरही लावायचे.

गावात हे आणलं मुंबईच्या गिरणीतल्या मंडळींनी. यात्रेला, दिवाळीला सुट्टीवर आले की पिशवीत पोरांना खाऊ आणि तोंडात आकडे. मग पानटपरीच्या मागे, सायकल दुकानाच्या माडीवर एजंट बसले. एसटीच्या तिकिटाएवढी चिठ्ठी, तिच्यावर आकडा आणि रक्कम, नाव नाही. फोन पेठेत एक-दोघांकडेच. त्यामुळे रात्री आकडा फुटला की त्या दारापासून पेठेच्या टोकापर्यंत नुसता कुजबुजत जायचा. मयताची बातमीसुद्धा इतक्या लवकर पोचत नसे.

स्टँडवर एक वेडसर माणूस असायचा. त्याने किती बोटं दाखवली, किती खडे मांडले, कितीदा थुंकला, यावरून आकडा काढायचे. सकाळी त्याला भजी-चहा आणि लागला तर नवा सदरा. एरवी त्याला हाडतुड करणारे लोक दुपारी त्याच्यापुढे उकिडवे बसून ‘बाबा, सांगा की’ म्हणायचे. (आमच्या गावात अध्यात्म असंच वाढलं.)

पोलिसांना सगळं ठाऊक. १८८७ चा जुगार कायदा, कलम बारा अ. महिन्याला ठरलेल्या केसेस द्यायच्या, एजंटने भाड्याचा आरोपी पाठवायचा, दंड भरायचा, संध्याकाळी पुन्हा चिठ्ठ्या. दारूचंही तेच. १९४९ चा दारूबंदी कायदा कागदावर, आणि ओढ्याकाठी गूळ-नवसागराची भट्टी. माल ट्यूबमध्ये भरून सायकलवरून यायचा.

इथवर सगळे हसत ऐकतात. कट्ट्यावर हे किस्से अजून रंगतात, मलाही आवडतात. पण हे सांगणारे सगळे पुरुष आहेत, आणि त्यांच्या सांगण्यात एक ठरलेली खोट आहे. अमक्या रावांनी चौफुल्याच्या थिएटरात लावणीच्या बैठकीत उसाचं अख्खं बिल उडवलं, तमके दर अमावस्येला जामखेडला जायचे. ‘काय शौकीन माणूस होता!’ म्हणून मांडीवर थाप. जिच्यापुढे पैसे उधळले ती मात्र नुसती ‘ती बाई’. तिला आठवणीत नावसुद्धा नाही. तिच्या बारीची, म्हणजे नाचगाण्याच्या ताफ्याची, कमाई किती जणांत वाटली जायची, थिएटरवाल्याचा हिस्सा किती, तिची पोरं शाळेत कुणाचं नाव लावायची, याबद्दल एकाही किश्शात अक्षर नाही. बरं, बिघडली कोण? तर तीच. राव फक्त रंगेल.

आणि रावांच्या घरात काय चाललं होतं? माझी एक चुलत आजी होती, नवरा आकड्याच्या पार आहारी गेलेला. ती पैसे जोंधळ्याच्या कणगीत खुपसून ठेवायची. कोपरापर्यंत हात घालून चाचपडत नोट कशी काढायची, ते तिने म्हातारपणी मला करून दाखवलं होतं. दाणे हाताला चिकटले तेवढे तिने परत कणगीत झटकले. म्हणाली, ‘लागला की समद्या आळीला पेढं, न्हाई लागला की माझ्या पाठीवर लाकूड. पेढ्याचं समद्यांच्या ध्यानात हाय.’ तिची बोरमाळ सावकाराकडे गेली ती गेलीच. कुठल्या साली, किती रुपयांना, हे तिला तोंडपाठ होतं. कट्ट्यावरच्या एकाही म्हाताऱ्याला आपण किती हरलो ते असं सांगता येत नाही.

म्हणून मला गावच्या भानगडी दडपायच्या नाहीत, उलट नीट छापायच्या आहेत. आपल्याकडे एक तर सोवळं नेसून स्मरणिका काढतात, नाही तर मिटक्या मारत किस्से सांगतात. पैसे कुणाच्या डब्यातून, कुणाच्या गळ्यातून आले, ते दोन्हीकडून गळतं.

आता वाचनालयाची नवी स्मरणिका निघतेय. संपादक मंडळाने माझ्याकडे ‘जुन्या पेठेच्या गमतीजमती’ असा लेख मागितलाय. मी हे देणार आहे. नाव एकाचंही घालणार नाही, घाबरू नका. काही नातवंडं आता फ्लेक्सवर आहेत, याची कल्पना आहे. पण आळीतल्या कुणा घरात आजीच्या मोडलेल्या, गहाण पडलेल्या दागिन्याची पावती जुन्या ट्रंकेत असेल, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. नाव झाका, साल आणि रक्कम दिसू द्या.