मुलं मोठी असतील तर मुक्काम शहरातच हवा

सिंगापूरला मुलांसोबत जाताना सेंटोसा बेटावरच हॉटेल घ्या, हा एका लेखात वाचलेला सल्ला लहान मुलांसाठी ठीक आहे. पण मुलं चौदा-सोळा वर्षांची असतील तर मी शहरातले बुगिस किंवा लिटल इंडिया हे भागच सुचवेन. लिटल इंडिया स्टेशनवर एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, दोन लाइन मिळतात. एक थेट हार्बरफ्रंटला जाते, तिथून सेंटोसा समोरच. दुसरी बेफ्रंटला, म्हणजे गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेला. या वयाच्या मुलांना सतत आई-बाबांचं शेपूट नको असतं. संध्याकाळी आपण रूमवर पाय पसरावेत आणि भावंडांनी बुगिसच्या बाजारात एक चक्कर मारून यावं, हे तिथे निर्धास्तपणे जमतं. शिवाय लिटल इंडियातल्या सेरांगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे, त्यामुळे शाकाहारी मंडळींच्या जेवणाची चिंता नाही.

बुकिंग करताना मुलांची खरी वयं टाका. बारा वर्षांवरच्यांना बरीच हॉटेलं प्रौढ धरतात, मग चौघांना एक रूम मिळत नाही. दोन रूम घेणार असाल तर मधल्या दाराच्या, म्हणजे कनेक्टिंग रूमची खात्री हॉटेलकडून ईमेलवर लेखी घ्या. नुसती ‘विनंती’ नोंदवली तर दोन वेगळ्या मजल्यांच्या चाव्या हातात पडू शकतात.