तळलेल्या तेलात यीस्ट कालवून डिझेल होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: भजी तळून उरलेल्या तेलात बेकरीचं यीस्ट कालवा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी ट्रॅक्टरला चालणारं डिझेल तयार. हे साफ खोटं आहे.

मेसेजला मूळच नाही असं मात्र नाही. प्रयोगशाळेत पिकिया नावाच्या यीस्टमध्ये दुसऱ्या सूक्ष्मजीवाचं जनुक घालतात, मग ते लायपेज हे विकर (एन्झाइम) बनवून बाहेर सोडतं. तेलाचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं इंधन, करण्याचं पुढचं काम त्या विकराचं, आणि तेही मिथेनॉल हे अल्कोहोल असेल तरच. 100 किलो तेलाला साधारण 11 किलो मिथेनॉल लागतं. त्यातून सुमारे 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलो ग्लिसरीन मिळतं. मिथेनॉल एकदम ओतलं तर विकरच निकामी होतं, म्हणून ते थोडंथोडं सोडतात. एवढा खटाटोप कशाला? तर नेहमीच्या पद्धतीत विकराऐवजी कॉस्टिक सोडा वापरतात, पण त्याने जुन्या तेलातल्या सुट्या आम्लांचा साबण होतो, लायपेज मात्र त्यांचंही बायोडिझेल करतं.

बेकरीचं यीस्ट साखरेवर जगतं. मळी दिली की इथेनॉल देतं, तेच पेट्रोलमध्ये मिसळतात. आपल्या ऊसपट्ट्यात घोळ बहुधा इथेच झालाय.

घरी मिथेनॉल आणून प्रयोग करू नका. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि पेट चटकन घेतं. यीस्ट कालवलेलं तेल इंजिनात ओतलंत तर फिल्टर, इंजेक्टर तुंबलेच म्हणून समजा.